रानात राबणाऱ्यांसाठी: वीज, ऊन, विंचूकाटा आणि पाणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुरपणीच्या बायका, सालगडी, ऊसतोडीच्या टोळ्या, मेंढपाळ, रोजगार हमीच्या कामावरचे मजूर आणि घरच्याच रानात राबणारे शेतकरी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ज्या गोष्टीत जीव जास्त जातात तिचं उत्तर लांब आहे, बाकीची थोडक्यात आहेत.

आभाळ भरून आलं की लगेच काम सोडायचं का? रोज बुडतो आणि मालकही बोलतो.

सोडायचं. पण हा निर्णय त्या घटकेला रानात उभं राहून घ्यायचा म्हटलं तर तो होत नाही. बायकांच्या पाती लागलेल्या असतात, बांधापर्यंत थोडंच उरलेलं असतं आणि "एवढी पात काढू अन् निघू" असं कुणीतरी म्हणतंच. काम उक्तं घेतलेलं असेल तर पाय आणखीच अडतो. वीज पडून गेलेल्यांच्या बातम्या नीट वाचल्या तर दिसतं की कुणी सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकत होतं, कुणी कडबा झाकत होतं, कुणी बैल सोडून आणायला गेलं होतं. हातातलं शेवटचं काम उरकतानाच घात झालेला असतो.

म्हणून सकाळी कामाला लागतानाच बोलून घ्या. आभाळ गडगडलं तर आसऱ्याला कुठे जायचं आणि "चला" कोण म्हणणार, हे आधी ठरलेलं असू द्या. तो शब्द मालकाने किंवा मुकादमाने बोलावा, असं आमचं ठाम मत आहे. रोजाने आलेली बाई आपणहून उठली तर उद्या तिला निरोप येणार नाही, ही तिची भीती खरी असते. विजेमुळे काम थांबलं तर रोज कापणार नाही, हे मालकाने तोंडाने सांगावं. शेतकऱ्याची ओढाताण आम्हाला ठाऊक आहे. भिजलेलं सोयाबीन मातीमोल होतं, हेही ठाऊक आहे. तरीही ते झाकायला विजा चमकत असताना माणूस पाठवू नका.

वीज लांब आहे की जवळ, हे कसं ओळखायचं?

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या रानात पडू शकते. खरं तर मोजत बसायचीही गरज नाही. गडगडाट कानावर आला, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. डोक्यावर पाऊस नाही, ऊन पडलंय, म्हणून निर्धास्त राहू नका. ढगापासून बऱ्याच अंतरावर, कोरड्या जागीही वीज पडते.

शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आसऱ्यालाच थांबा. पाऊस उघडला की माणसं लगेच बाहेर पडतात, आणि त्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतही विजा पडतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप तुमच्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरांतल्या विजांची सूचना देतं. टोळीत एकाच्या जरी फोनमध्ये ते असलं आणि त्याचं लोकेशन चालू असलं तरी पुरे. पण रानात रेंज नसते, त्यामुळे सगळा भरवसा ॲपवर ठेवू नका. आपल्याकडे दोन काळ जास्त घाताचे आहेत. एक वळवाचा, म्हणजे एप्रिल ते जूनची सुरुवात. दुसरा परतीच्या पावसाचा, सप्टेंबर-ऑक्टोबर. मराठवाडा आणि विदर्भात नेमकी तेव्हाच पेरणीची तयारी किंवा सोयाबीनची काढणी चालू असते, आणि विजा बहुतेक दुपारनंतर येतात. या दिवसांत उघड्यावरचं काम सकाळी उरकता आलं तर तेवढा धोका टळतो.

झाडाखाली थांबलो तर काय होतं? सगळे तिथेच थांबतात.

म्हणूनच एका वेळी चार-पाच जण जातात. वीज थेट डोक्यावर पडून मरणारे त्या मानाने थोडे. बहुतेकांना ती जमिनीतून किंवा शेजारच्या वस्तूवरून उडी मारून लागते. झाडावर वीज पडली की ती खोडातून खाली येते. तिथून ती टेकलेल्या माणसाकडे झेपावते, नाहीतर मुळांच्या आसपासच्या जमिनीत पसरते. जमिनीतून जाताना तुमच्या दोन पायांत जितकं अंतर, तितका जोराचा झटका. गाई-म्हशींच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं एका फटक्यात मरून पडतात.

मग उघड्या रानात, जवळ घर नसताना, करायचं काय?

पहिला पर्याय म्हणजे पक्कं घर, शाळा, मंदिराचा बंदिस्त गाभारा, नाहीतर काचा वर केलेली जीप, बस, टेम्पोची केबिन. चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, कडब्याची कोपी, ताडपत्रीचा पाल आणि बिनकेबिनचा ट्रॅक्टर यांत पावसापासून बचाव होतो, विजेपासून होत नाही. गाडीत बसलात तर आतल्या लोखंडाला टेकू नका.

यातलं काहीच नसेल तर एकट्या झाडापासून, विजेच्या खांबापासून, तारेच्या कुंपणापासून, विहिरीच्या इंजिनापासून आणि पाइपलाइनीपासून लांब व्हा. तारेवर दूर कुठे वीज पडली तरी ती कुंपणभर धावते. माळाच्या किंवा टेकाडाच्या माथ्यावर असाल तर खाली उतरा. भातखाचरात, शेततळ्यात, ओढ्यात असाल तर पाण्याबाहेर या. घोळक्याने उभे राहू नका. एकमेकांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, म्हणजे वीज पडलीच तर उरलेले मदतीला धावू शकतील.

अंगावरचे केस ताठ झाले, कातडीला मुंग्या आल्या, तर वीज अगदी डोक्यावर आहे. त्याच जागी उकिडवे बसा. दोन्ही पावलं आणि टाचा एकमेकींना चिकटवा, डोकं गुडघ्यांत घाला, कान झाका. हात जमिनीला टेकवू नका आणि आडवे तर मुळीच पडू नका. असं बसल्याने धोका कमी होतो, संपत नाही. आसरा दिसत असेल तर तिकडेच जायचं.

मोबाइलमुळे वीज पडते का? आणि पायाळू माणसावर?

मोबाइल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला फोन मात्र गडगडाटात वापरू नका, कारण तिथे तारेतून झटका येऊ शकतो. विळा-खुरप्यानेही वीज येत नाही, पण डोक्याच्या वर गेलेली लांब पहार, पाइप किंवा छत्री खाली ठेवा.

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसावर वीज पडते, ही समजूत अजून गावोगाव आहे. तिला काडीचाही आधार नाही. पायाळू पोराला घरात कोंडायचं आणि बाकीच्यांना रानात राहू द्यायचं, असं करू नका. सगळ्यांनाच घरात घ्या.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो का?

नाही. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. या एका गैरसमजापायी वाचू शकणारी माणसं गेली आहेत. विजेने हृदय आणि श्वास थांबतो, पण लगेच छाती दाबायला लागलं तर यातली काही माणसं परत येतात. श्वास नसेल तर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा आणि मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, दोन इंच खोल जाईल असं जोराने दाबत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. अनेकांना एकदम लागली असेल तर विव्हळणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे जा. कुठे कुठे अशा माणसाला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात. त्यात हातची मिनिटं जातात आणि माणूसही जातो.

उन्हाची सवय आहे आम्हाला. तरी धोका आहे का?

सवय असते, पण ती मोडते. लग्नसराईत, आजारपणात किंवा दुसऱ्या कामामुळे आठ-पंधरा दिवस सावलीत गेले की शरीराची उन्हाची तयारी कमी होते, आणि ती परत यायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिले काही दिवस सर्वांत घाताचे. नवीन आलेल्या गड्याला पहिल्या दिवशी पूर्ण काम लावू नका.

हवामान खातं मैदानी भागात पारा चाळीसच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट धरतं. किनारपट्टीवर ही हद्द सदतीसची आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, जळगाव इथल्या लोकांना पंचेचाळीसचं नवल नाही. कोकणात पारा कमी दिसतो पण दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरमध्ये उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हाने चौदा माणसं गेली. ती माणसं कष्टाचं काम करत नव्हती, नुसती उन्हात बसली होती.

पाणी किती प्यायचं? बायका पाणी कमी पितात, त्याला काय करावं?

दर वीस मिनिटांनी एक पेलाभर, तहान लागो न लागो. तीन-चार तास घाम गाळला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्या. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची. अर्धी पुडी पेल्यात कालवून पिऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

बायकांचं मुद्दाम लिहायला हवं. रानात आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. मग डोकं दुखतं, चक्कर येते, मूत्रमार्गाची आग होते आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर मूत्रपिंडावर ताण येतो. "पाणी प्या" असं त्यांना सांगून काही होत नाही. बांधाच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा करा, आत बादलीभर पाणी ठेवा. तासाभराचं काम आहे. ज्या मालकाने ते केलं, त्याच्या रानात बायका पाणी पितात.

रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नसेल तर ग्रामरोजगार सेवकाकडे मागा, तो तुमचा हक्क आहे.

उष्माघात झाला हे कसं कळतं?

माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, चिडचिड करू लागला किंवा झटके आले की समजा मेंदूपर्यंत ताप पोचला. "उष्माघातात घाम बंद होतो" हे सगळ्यांना पाठ असतं, पण कष्ट करताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतही असतो. त्यामुळे घामाकडे पाहू नका, भान आहे की नाही ते बघा. नाव, गाव, आजचा वार विचारा.

मग आधी थंड करा, दवाखाना नंतर. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत नुसते बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओता आणि जोराने वारा घाला. विहिरीवरची मोटर चालू असेल तर सरळ पाइपाच्या धारेखाली धरा. मान, काखा आणि जांघांत ओल्या कापडाच्या घड्या ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे काम करत नाही.

कोणते साप खरोखर घातक?

आपल्याकडे रानात गाठ पडणारे चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. भारतात दरवर्षी सुमारे अठ्ठावन्न हजार माणसं सर्पदंशाने मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी असतात.

घोणस पाचटात, गवतात, भाताच्या पेंढ्यांखाली सुस्त पडून असते आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार टाकते. तो ऐकला की जागीच थांबा आणि आवाजाच्या उलट दिशेला मागे सरका. फुरसं वीतभर-हातभर असतं. कोकणात कातळावर, दगडांच्या गडग्यात ते खूप. गवत कापताना आणि दगड उचलताना हाताला चावतं. मण्यार रात्रीची, भुईवर झोपलेल्याला डसते. धामण आणि दिवड बिनविषारी आहेत, त्यांना मारू नका, धामण तर उंदीर खाऊन तुमचं धान्य राखते.

मण्यार चावली तर कळतच नाही म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि त्यामुळेच ती जास्त घातक. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, दुखणं नाही. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीत किंवा खळ्यावर जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. घरचे त्याला ओवा देतात, अपचन म्हणतात. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होतात, वर पाहायला सांगितलं तरी डोळे पुरते उघडत नाहीत. मग गिळता येत नाही, आवाज बसतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात भुईवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, एवढं जुळलं तर साप दिसला नसला तरी सर्पदंशच धरून निघा. वाटेत त्याला एका दमात आकडे मोजायला लावा. मघाशी वीसपर्यंत मोजणारा आता बारावर अडतोय, तर विष चढतंय. हे डॉक्टरांना सांगा.

बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचा. मच्छरदाणीने मण्यारही अडते.

साप चावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

धावू नका, धावू देऊ नका. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या आणि हातातला दोरा लगेच काढा. नंतर सुजेमुळे निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय काठी लावून, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा सैलसर बांधा, म्हणजे हलणार नाही. रक्त अडेल अशी करकचून दोरी बांधू नका. त्याने पाय काळा पडून तोडावा लागल्याची उदाहरणं आहेत. चिरा देणं, विष चोखणं, कोंबडी लावणं, मिरची किंवा लिंबाचा पाला चावून बघणं यांत फक्त वेळ जातो.

१०८ लवकर येणार नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या, मागच्याने त्याला धरायचं. निघतानाच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस आहे का ते विचारा, म्हणजे दारातून परतायची वेळ येत नाही. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही, कारण या चारही सापांवर एकच लस चालते. लांबून फोटो मिळाला तर ठीक, पण त्यासाठी थांबू नका.

दवाखान्यात तुमच्या समोर एक साधी तपासणी होईल. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करतात. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात गेलंय. पहिली तपासणी चांगली आली तरी "घरी जाऊ" म्हणू नका. चोवीस तास देखरेखीखाली राहायचं.

आमच्या गावचा मांत्रिक साप उतरवतो. त्याने बरी झालेली माणसं आम्ही पाहिलीत.

पाहिली असतीलच. बिनविषारी साप चावला तर माणूस कुठेही नेला तरी बरा होतो. विषारी साप चावला तरी बऱ्याच वेळा तो विष सोडतच नाही. ही सगळी माणसं मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात. ज्याला खरोखर विष चढतं, त्याला मांत्रिकही शेवटी "दवाखान्यात न्या" म्हणतो, पण तोवर दोन-तीन तास गेलेले असतात. देवाचा अंगारा लावायचा असेल तर दवाखान्यात, सलाइन चालू असताना लावा. त्याला कुणाचीच हरकत नसते.

विंचू चावला तर?

मोठा काळा विंचू दुखवतो, लहान लाल विंचू मारतो. लाल विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर काळजी कमी. पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, खोकला सुरू झाला तर एक मिनिट दवडू नका. लहान मुलांना तर लगेच न्या. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 'प्राझोसिन' ही रक्तदाबावरची साधी गोळी या दंशावर वापरून दाखवली आणि कोकणात पूर्वी दगावणारे रुग्ण वाचू लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सरपण, कौलं, दगड, शेणी उचलताना आधी काठीने हलवा आणि सकाळी चप्पल-बूट झटकून घाला.

गमबूट घालून काम होतं का? उकडतं, पाय घसरतो.

उकडतं, हे खरं. दिवसभर घालायला आम्हीही सांगत नाही. पण गवत कापताना, भात सोंगताना, पाचट ओढताना आणि रात्री पाणी द्यायला जाताना घाला. सापाचे दंश बहुतेक गुडघ्याखाली होतात. रात्रीच्या लाइटच्या पाळीला बॅटरी आणि काठी न घेता बाहेर पडू नका. काठी आपटत चाला, हादऱ्याने साप बाजूला होतो.

उसात बिबट्या असतो. तोडणीला जाताना काय काळजी घ्यावी?

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत ऊस हेच बिबट्याचं घर झालं आहे. तो उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. वाकलेल्या, बसलेल्या माणसावर आणि लहान मुलांवर झडप घालतो. फडात शिरताना मोठ्याने बोला, डबा वाजवा. एकटं कुणी आत जाऊ नये. मुलांना फडाच्या कडेला झोळीत किंवा पाचटावर एकटं ठेवू नका. एका मोठ्या माणसाला मुलांपाशी बसवा, आणि त्या माणसाचा रोज टोळीने वाटून द्यावा. अंधार पडायच्या आत कोप्यांकडे परता, शौचाला जोडीने जा.

तोडताना बछडे दिसले तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. तेवढा पट्टा सोडून १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा. आई बहुतेक त्याच रात्री येऊन पिलं घेऊन जाते. पिलं हलवली तर ती त्या भागात पिसाळून फिरते आणि तोडणीवाल्यांनाच धोका होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे हाच धोका वाघाचा, आणि तो मोहफुलं-तेंदूपानांच्या दिवसांत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पहाटेच्या अंधारात जंगलात शिरू नका, घोळका सोडू नका, आणि वाघ फिरतोय असं वनरक्षकाने सांगितलेल्या भागात त्या दिवशी जाऊच नका.

आग्या मोहोळ उठलं तर?

पळा, आणि पळत राहा. पदराने, उपरण्याने तोंड-डोकं झाका, घरात किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वरच घिरट्या घालतात. काटे नखाने खरवडून लगेच काढा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, किंवा खूप माश्या चावल्या असतील तर दवाखाना. मोहोळाखाली धूर करू नका.

ओढ्याला पाणी आलंय, पण घर पलीकडे आहे. थोडंच पाणी आहे, जाऊ का?

नाही. गुडघ्याच्या खालचं पण ओढीचं पाणीही माणसाचे पाय उचलतं. गढूळ पाण्याखाली पूल शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. बैलगाडी आणि ट्रॅक्टरही घालू नका. अलीकडच्या गावात रात्र काढा. तुमच्याकडे पाऊस नसला तरी वर डोंगरात झाला तर लोंढा अचानक येतो, म्हणून पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात जनावरं बांधू नका, जेवायला बसू नका.

डोंगरउतारावर भात लावणाऱ्यांनी जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडं किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालेलं दिसलं तर वस्तीला कळवून खाली नव्हे, बाजूला हटायचं. माळीण, तळिये, इरसालवाडी या तिन्ही दरडी जुलैच्या मोठ्या पावसातच आल्या.

वादळानंतर रानात तार तुटून पडलेली दिसली तर ती मेलेलीच असेल असं धरू नका. जवळ न जाता १९१२ वर महावितरणला कळवा.

पावसाळ्यातल्या तापाला एवढं काय घाबरायचं?

दोन ताप कामातून येतात, म्हणून इथे लिहितो. चिखलात उभं राहणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो: उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी पायाच्या भेगांतून, जखमांतून आत शिरतं. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, लावणीच्या दिवसांत तो नेहमीचा. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं ही खूण. आरोग्य कर्मचारी लावणीच्या वेळी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या त्यांच्या सल्ल्याने घ्या. दुसरा स्क्रब टायफस, झाडोऱ्यातल्या बारीक किड्यांमुळे होणारा. विदर्भात त्याचे रुग्ण दिसतात. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली न दुखणारी काळी खपली आहे का ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा. दोन्ही आजार वेळेत कळले तर साध्या औषधाने बरे होतात. "मी शेतात काम करतो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा, कारण त्यावर निदान अवलंबून असतं.

माणूस गेलाच, तर घरच्यांना काही मदत मिळते का?

मिळते, पण शवविच्छेदन झालेलं असेल तर. दुःखात घरचे अंत्यविधी उरकून टाकतात आणि नंतर कागद मिळत नाही. वीज किंवा सर्पदंशाने मृत्यू झाला तर पोलीस पाटलाला कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या. कुणीतरी जवळच्याने हे धीराने सांगायला हवं.

वीज पडून मृत्यू झाल्यास महसूल खात्याकडून वारसांना चार लाख रुपये मिळतात. त्याला सातबारा लागत नाही, तहसीलदाराकडे जा. वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर मदत वनखात्याकडून मिळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वीज, सर्पदंश, विंचूदंश अशा अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये आहेत. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातलं आणखी एक जण त्यात बसतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, शक्यतो तीस दिवसांच्या आत.

भूमिहीन मजूर या योजनेत बसत नाही. रानात सर्वांत जास्त वेळ तोच असतो आणि नेमका तोच बाहेर, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं. तोवर त्याच्या हातात एक गोष्ट आहे: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय अठरा ते सत्तर, बँकेत किंवा पोस्टात खातं, वर्षाला वीस रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. सर्पदंशाच्या बाबतीत दवाखान्याची नोंद चालते, म्हणून केसपेपर जपून ठेवा. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि संरक्षण १ जून ते ३१ मे असं असतं. तेव्हा मे महिना संपायच्या आत खात्यात तेवढे पैसे आहेत ना, हे पासबुक भरून एकदा बघून घ्या, आणि वारसाचं नाव लावलेलं आहे का तेही त्याच खेपेला विचारा.